घसरणारी बकरी आणि केन्तो शिमास

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. जपानमध्ये सेंदाईच्या पुढे, डोंगरात आहे, एवढं पुरे. गाव सुंदर आहे, जरूर जा. फक्त तिथल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये शिरण्याआधी माझं ऐका.

जायचं ठरलं मारिनामुळे. ती माझ्या टोकियोच्या ऑफिसात शेजारच्या डेस्कवर बसते, मूळची क्रोएशियातल्या एका चिमुकल्या गावची. तिच्या लहानपणी तिथे नवीन ग्रामपालिका झाली आणि पालिकेला स्वतःचा झेंडा, स्वतःचं चिन्ह हवं झालं. ते काढलं मारिनाच्या बाबांनी. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर. निळ्या रंगावर पांढरी डोंगरी बकरी, चारही पाय खडकावर घट्ट. ‘आमची बकरी घसरत नाही,’ असं ते अजून सांगतात. आता ते अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या गावाचं जपानमधल्या या गावाशी मैत्रीचं नातं आहे आणि तो झेंडा इथे हॉलमध्ये लावलाय. तो लावलेला कसा दिसतो, हे त्यांना एकदा फोटोत बघायचं होतं.

शनिवारी नगरपालिका बंद, म्हणून शुक्रवारी रजा टाकली. इचिकावाहून, घरून, मी पहाटेच निघाले, मारिना उएनो स्टेशनवर भेटली. शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, खिशाला चांगलीच चावते. वेळ असेल तर हायवे बस घ्या, निम्म्याहून स्वस्त पडते. सेंदाईला झुंदा मोची खाल्ली, म्हणजे कोवळ्या सोयाबीनचं हिरवं गोड वाटण घातलेली तांदळाची मऊ गोळी. शाकाहारी मंडळींनी पोटभर खाऊन घ्यावी, कारण पुढे कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, ओनिगिरीशिवाय (भाताच्या मुटक्यांशिवाय) काही मिळत नाही. गावाच्या बसमध्ये कार्ड चालत नाही, सुटे ठेवा. रस्ता मात्र दृष्ट लागेल असा. नदी, देवदारांच्या रांगा, मधेच एखादं निळं छप्पर. मारिना सारखी म्हणत होती, “अगदी आमच्याकडच्यासारखं आहे.”

हॉलमध्ये शिरलो आणि ती थांबली.

भिंतीवर तीन झेंडे ओळीने आडवे लावलेले, देशाचा, प्रांताचा, गावाचा. चौथा मारिनाच्या गावाचा, तोही आडवा. आता हा झेंडा उभा टांगायचा असतो. वर काठी, खाली सोनेरी झालर. इथल्या कुणीतरी बाकीच्यांशी जुळावा म्हणून तो सरळ आडवा करून चिमट्यांनी अडकवला होता. झालर उजव्या बाजूला लोंबत होती आणि बकरी डोकं खाली करून कड्यावरून कोसळत होती.

माझं डोकंच फिरलं. काउंटरवरच्या गृहस्थांना बोलावलं, त्यांना आपण साइतो-सान म्हणू. अतिशय नम्र माणूस. मारिनाने फोनवरचं मूळ चित्र दाखवलं. त्यांनी चित्र पाहिलं, झेंडा पाहिला, श्वास आत ओढला.

“सुरुवातीपासून असाच आहे,” ते म्हणाले.

“सुरुवातीपासून चुकीचा आहे,” मी म्हणाले.

“ज्यांनी लावला ते आता आमचे वरिष्ठ आहेत. बदलला तर त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

“आणि हिच्या बाबांना काय होईल?”

ते पुन्हा वाकले. “केन्तो शिमास.”

जपानमध्ये नव्याने आलेल्यांसाठी सांगते. याचा अर्थ ‘विचार करतो’. नवा माणूस खूश होऊन पुढच्या आठवड्याची आठवण लावून ठेवतो. जुना माणूस समजतो की विषय संपला. शिडी भिंतीलाच टेकलेली होती. मी म्हटलं, मी चढते. ते इतके घाबरले की मारिनानेच माझा हात धरला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. त्यांच्या कोटावर गावाच्या चिन्हाचा बिल्ला होता, किंचित कलला होता. बोलता बोलता त्यांनी तो दोन बोटांनी सरळ केला.

 मारिनाने फोन आडवा धरून फोटो काढला, त्यातला भिंतीचा भाग कापून टाकला. बकरी चारही पायांवर उभी राहिली. तिथूनच तिने तो बाबांना पाठवला.

परतीच्या वाटेवर नवऱ्याला फोन केला. निखिलला इथे आठ वर्षं झाली आहेत, म्हणून त्याला सगळंच समजतं.

“अगं सोड ना, त्यांची प्रोसेस असते.”

“प्रोसेस काय डोंबलाची? चार चिमटे काढायचेत.”

“तू मेल टाक. पोलाइटली.”

“टाकणारच आहे. पोलाइटली नाही.”

मारिनाचं रात्रीचं जेवण आमच्याकडेच होतं. वरणभात उरकतोय तोवर मारिनाच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला. उशीला टेकलेला, बारीक झालेला म्हातारा, नाकाशी फोन. ते तिच्याशी बोलले, तिने मला त्याचा अर्थ सांगितला.

बाबा म्हणाले, बकरी छान दिसतेय. मग म्हणाले, झालर सगळी एका बाजूला का गेलीय?

फोन आडवा धरला तरी झालर खऱ्या जमिनीकडेच लोंबणार, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.  मारिना म्हणाली, “तिथे वारा फार असतो, बाबा.”

“हॉलच्या आत?”

“हो.”

त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. शेवटी म्हणाले, “मग त्यांना सांग, खिडकी बंद करा.”

त्यांना कळलं होतं. मारिना ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मला इतकी चीड आली होती की मला रडूही येईना.

मेल मी टाकलीच. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत फोटो. विचारांती झेंडा आहे तसाच ठेवण्यात येत आहे, मात्र पाहुण्यांच्या सोयीसाठी खाली सूचना लावली आहे. सुबक अक्षरांत, जपानी आणि इंग्रजीत लिहिलं होतं, ‘कृपया मान डावीकडे कलती करून पाहावे.’

मी पानभर संताप लिहिला. मारिनाने तो वाचला, सगळा पुसला आणि एकच वाक्य ठेवलं. ज्यांनी ही बकरी काढली त्यांचा निरोप आहे, खिडकी बंद करा.

साइतो-सानचं उत्तर तासाभरात आलं.

केन्तो शिमास.