अक्षरांचे खण

पांढुर्ण्याच्या आमच्या शिलाईच्या दुकानात शिवून झालेल्या कपड्यांचा नुसता ढीग असायचा. बाया उंबऱ्यातूनच बोट दाखवायच्या, "ते मोरपंखी, माया पोरीचं," आणि मी ओढून काढून द्यायची. कापणं आणि मशीन यांच्याकडे, काज-बटन आणि तुरपाईची हातशिलाई माझ्याकडे. मग समोर काचेच्या दाराचं शिलाईचंच नवं दुकान निघालं आणि आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली. तुळशीचं लग्न लागलं होतं, संत्र्याचे ट्रक भरत होते, कापसाचा पैसा लोकांच्या हाती आला होता. लग्नाच्या शिलाईचे हेच दिवस, आणि आमची मशीन दुपारीच थांबायची. यांनी एक दिवस मोठी कैची फडक्यात गुंडाळली, खुंटीला टांगली आणि म्हणाले, "हा सीझन गेला तं दुकान मोडतो. नागपूरले कारखान्यात शिवाले जातो."

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या खुंटीकडे बघायचंच मी टाळायची. नागपूरला माझं होतं कोण? इथे निदान दुकानात बसून चार माणसांशी बोलायला मिळायचं, हाताला माझं स्वतःचं काम होतं. बसले तर उठावंसं वाटे, उठले तर काय करावं ते कळेना. दोरा ओवताना सुईचं भोक चुकायचं, नि स्वतःचाच राग यायचा.

यांना वाटलं, दोष ढिगाचा आहे. नागपूरच्या कुठल्याशा मोठ्या लॉन्ड्रीत यांनी खणाखणांचं कपाट पाहिलं होतं. तसंच सुताराकडून करून घेतलं आणि प्रत्येक खणावर खडूने सुरेख अक्षर काढलं. घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाचं पहिलं अक्षर जे, त्या खणात त्या घरचे कपडे. "आता नाव सांगा अन् कपडा घ्या," हे मला म्हणाले. इतक्या दिवसांनी यांना हसताना पाहिलं. कपाट होतंही देखणं. मलाही वाटलं, जमलं बाप्पा!

पहिलीच बाई आली. यांनी विचारलं, "कोणाच्या नावानं आहे?"

तिने पदर पुढे ओढला. "आमच्या घरच्यांच्या."

"पण नाव?"

ती माझ्याकडे बघायला लागली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेते ती उखाण्यात, सासऱ्याचं तर तेवढंही नाही. वहीत नाव लिहून जातात पुरुष, आणि कपडे न्यायला येतात त्या बायाच! ती बाई "मंग येतो" म्हणून गेली ती समोरच्या काचेच्या दारात शिरली.

मी यांना म्हटलं, "अहो, कोणत्या गावची ते विचारा ना. कपडा तं त्या आंधारातबी ओळखते."

"गावागावानं लावू? हे दुकान आहे का बस स्टँड?"

झालं. यांच्यापुढे बोलून उपयोग नाही, ही काय मला नवी गोष्ट होती? पण मी धुसफुसत राहिले. दारातून परतणारी प्रत्येक बाई मला नागपूरच्या गाडीत ढकलून राहिली होती.

मग एक दिवस सौंसरकडची एक बाई धापा टाकत आली. पोरीचं लग्न होतं, नवरीची पोलकी आमच्याकडे होती, परतीची बस स्टँडवर लागली होती. कर्ता पुरुष म्हणजे तिचा सासरा.

"नाव?"

"जामसावळीत निजले ना, लंका जाळणाऱ्या त्या देवाचं," ती बिचारी कशीबशी म्हणाली.

यांनी ह चा खण उपसला, मग म चा, मग ब चा. देवाला का एक नाव आहे? तिकडे बसचा हॉर्न वाजला. "उद्या हळद आहे हो भाऊ," म्हणत ती रडकुंडीला आली आणि रिकाम्या हातांनी पळाली.

हे भडकले. "नाव घेतलं असतं तं जीभ झडली असती का हिची?"

माझ्या हातातली तुरपाई मी फेकलीच. "मायी झडली असती! लग्नात उखाण्यात घेतलं तुमचं नाव, त्याच्यानंतर कधी ऐकलं माया तोंडून? ज्यांना नाव घेता येत नाही त्यांनाच तुमी नाव विचारून राहिले!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. लाजेने मेल्यासारखं झालं, पण बोलून चुकले होते. मी सगळे खण उचकले. पोलक्यांचा हळदी काठ मला ठाऊक होता, गठ्ठा सापडला प च्या खणात, वाऱ्याच्या लेकाचं नाव निघालं. यांनी तो काखेत मारला आणि पुढच्या बसने सौंसरला गेले.

मी ओल्या फडक्याने सगळी अक्षरं पुसून काढली. हात थांबेनात. खण गावागावाने लावले, प्रत्येक गठ्ठ्याला त्याच कपड्याचं कात्रण बाहेर लोंबेल असं टाचलं. उंबऱ्यातून बोट दाखवता आलं पाहिजे, बस. मग दाराशी बसले. माणूस येऊन ओरडेल, की खुंटीवरची कैची घेऊन सरळ निघेल, काही समजेना.

हे संध्याकाळी आले. "पोचली पोलकी," एवढंच म्हणाले. कपाटासमोर उभं राहून एकेक कात्रण बोटाने उलटून पाहिलं. "केलं ना शेवटी बस स्टँड," म्हणाले आणि पाणी मागितलं. मी आत पाणी आणायला गेले.

परत आले तर खुंटी रिकामी होती. माझा तर जीवच गेला. हे मान खाली घालून मशीनमध्ये तेल घालत होते. मग कपाटाकडे लक्ष गेलं. खालचा एक खण मी रिकामा सोडला होता, त्यात फडक्यातून सोडवलेली मोठी कैची ठेवलेली होती. खणाबाहेर एक कात्रण टाचलेलं, हिरव्या खणाच्या कापडाचं, माझ्या लग्नातल्या पोलक्याचं. ते यांनीच शिवलं होतं. कात्रण इतकी वर्षं यांच्याकडे कुठे होतं कोण जाणे.

लग्न झाल्यापासून हे मला "ऐकली का" म्हणत आले होते. माझं नाव यांनीही कधी घेतलं नव्हतं.