डॉक्टरीणबाईंची गाडी अडवली तेव्हा

तिकोणा गडाखालच्या आमच्या तिकोणा पेठेत माझ्याइतका भारी ड्रायव्हर नाही! म्हणजे, गावात प्रवासी जीपच एक आहे, ते सोडा. आणि जीपमध्ये बाया बसल्या की सीटा भरायच्या आधी किस्सेच भरतात!

*

शेजारची नूरभाभी बाळंतिणींची मालिश करते. लोणावळ्यात भुशीकडच्या एका बंगल्यावर पुण्याची मॅडम बाळ घेऊन राहायला आली होती. भाभीला मीच सोडायचो. तिथं बाळाला नर्स वेगळी, आईला वेगळी, व्यायाम शिकवणारी तिसरी!

परतताना भाभी म्हणाली, "भाऊ, तितं एका बाळंतिणीला आमी चार बाया. हितं चार गावांना एक नर्स, अन तीबी बदली होऊन गेली!"

"मग तूच इंजेक्शन मारायला शिक की!"

"पयलं तुमच्यावर शिकते. गप गाडी चालवा!"

*

एकदा मॅडम भाभीला म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, सहा आठवडे अजिबात वाकायचं नाही."

भाभीनं मान डोलावली. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणते, "ह्ये आमच्याकडच्या भातलावणीलाबी सांगा की कुणीतरी!"

*

मग भाभीचीच लेक शबाना बाळंत झाली. लोणावळ्याहून टाके घालून घरी आणली, आणि रविवारी शबाना तापानं फणफणली! मी जीप काढली, तर भाभी दारात आडवी.

"अंगावर दूध उतरलं की ताप येतोच. सव्वा महिन्याच्या आत वाऱ्यात न्यायची न्हाई!"

तेवढ्यात सुट्टीची गड चढायला आलेली पुण्याची मंडळी खाली उतरली. एका गाडीवर डॉक्टरचं चिन्ह! मी जीप तिच्यापुढं आडवी घातली, बॉनेट उघडलं.

"काका, गाडी काढा!" चिखलानं माखलेली डॉक्टरीणबाई ओरडली.

"बॅटरी बसलीय! तवर आमच्या शबानाला बगता का?"

बाईंनी शबानाला तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "मावशी, हा दुधाचा ताप नाही. टाक्यांत पू झालाय. आत्ता नेलं नाही तर पोर हातची जाईल!"

भाभीनं स्वतःच शबानाला शालीत गुंडाळलं.

जीप एका चावीत सुरू! डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या.

"तुमच्या हाताला गुण हाय!" मी म्हटलं.

*

शबाना बरी होऊन घरी आली. आता मी ज्याला त्याला सांगत सुटलोय, गावाला डॉक्टर मीच मिळवून दिला! परवा तिलाही तिखटमीठ लावून ऐकवलं. बाळाला मांडीवर थोपटत तिनं सगळं ऐकलं, हसली आणि म्हणाली,

"आबा, ताप मंगळवारी आला असता तर?"