मुंगसावर घातलेला आळ

विहारात रोज संध्याकाळी आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील, खोटं बोलणार नाही ते, आलं की माझे ओठ हलतात आणि आवाज निघत नाही. म्हणणारे पुष्कळ असतात, कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढं बसून सांगणारी बाई आता म्हातारी झाली आहे. तिला मी वहिनी म्हणतो. नात्यानं नव्हे, घराला घर लागून म्हणून. तिच्यासमोर नुसते ओठ हलवून मी थकलो. आता लिहून टाकतो.

गोष्ट निजामाच्या अमलातली, अगदी शेवटच्या वर्षांतली. धर्मांतर अजून पुढं होतं. तेरपासून कोस-दीड कोसावर आमचं गाव. सोलापूरच्या गिरणीतून खोकला घेऊन परतलेला एक म्हातारा आमच्या महारवाड्यात होता. येताना त्यानं एक पातळ पुस्तक आणलं होतं, त्यात बुद्धाची वंदना आणि पाच शीलं. सात घरं त्याच्या ओसरीवर जमायला लागली. चार माणसं जमायची तर पोलीस पाटलाची इजाजत लागायची. आम्ही भजन आहे म्हणून सांगितलं. टाळ कुठं आहेत, असं त्यानंही विचारलं नाही.

मला अक्षरं येत होती, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. कुणाचा जीव घेणार नाही, हे पहिलं शील वाचलं तर एक म्हातारी म्हणाली, "आन् ढेकणाचं काय? त्यास्नी पावणं म्हणून निजू द्यायचं व्हय?"

"तुझं रगत पिऊन त्येच मरत्याल," गिरणीवाला म्हणाला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

त्या सात घरांनी ठरवलं, मरीआईला कोंबडं-बकरं कापायचं नाही, नवस बोलायचा नाही. सगळ्यांत मोठ्यानं मी बोललो होतो. पंचविशीतला, वाचता येणारा माणूस मी. लोक आपलं ऐकतात याची गोडी लागली होती.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. तेरणेत नुसती डबकी राहिली होती आणि प्यायला तेच पाणी. गिरणीवाल्यानं सांगितलं, पाणी उकळा, घोट घोट पाजत राहा. आमच्यात आधी वहिनीचा पोरगा पडला, सहा वर्षांचा. तिचा नवरा सोलापूरला गिरणीत. ती पदराखाली कोंबडी घेऊन मरीआईकडं निघाली. मी वाटेत आडवा झालो.

"वहिनी, कुठं?"

"सरा भाऊजी. येकडाव जाऊन येते. मग काय म्हणायचं ते म्हणा."

"तुमीच मोडलं तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं? दगडाला कोंबडी दिऊन पोरगं उठतंय व्हय?"

तिनं कोंबडी सोडून दिली आणि ती पाणी उकळायला घरी वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा गेला.

तिसऱ्या दिवशी माझी लेक पडली. चार वर्षांची. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी. बायको घोट घोट पाणी पाजत होती. मी भिंतीला टेकून पुस्तकातलं काही आठवायला लागलो, तर एक ओळ आठवेना. भर दुपारी, महारवाडा चिडीचूप असताना, मी आमचा तांबडा कोंबडा पोत्यात घातला. मरीआईच्या देवळाकडं गेलो नाही, कुणीतरी पाहिलं असतं. ओढ्यापलीकडं लिंबाखाली एक दगड मांडला, त्यालाच मरीआई म्हणालो आणि कोंबडा कापला. मागायचं ते मागितलं. मग खड्डा करून तो सगळाच्या सगळा पुरला, पिसांसकट. घर उपाशी होतं. पण शिजवला असता तर वास सुटला असता.

संध्याकाळी बायको म्हणाली, "कोंबडा दिसंना कुठं."

"मुंगसानं नेला."

लेक वाचली.

कोंबड्यानं वाचली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर नाहीच. दोन्ही पोरांना पाणी एकच होतं. मला खातं ते निराळंच. पुढच्या आठवड्यात वहिनीच्या दारात माणसं बसली होती. तिथं बसून, तिच्या कानावर पडेल असं मी म्हणालो, "आपण धीर सोडला न्हाय, दगडाकडं गेलो न्हाय. बघा, पोरगी उठून बसली."

माझ्या तोंडून हे गेलं. कुणी विचारलंही नव्हतं.

पुढं रझाकार आले, निजाम गेला. धर्मांतर झालं. गिरणीवाला खोकत खोकत गेला, बायकोही गेली. वहिनीला अक्षरं मीच शिकवली आणि ते पातळ पुस्तक तिच्याकडं गेलं. लेक ढोकीला दिली. तिथल्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाचं वाचन झालं की ती उठून सांगते, "मी मरायला टेकले हुते, तरी माझ्या बापानं दगडाला हात जोडले न्हाईत." मागच्या खेपेला मी तिथंच होतो. माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, माणूस किती नम्र.

परत आलो तो घरीसुद्धा न जाता वहिनीच्या दारात. ती जोंधळे निवडत होती. उभ्यानंच सांगून टाकलं. तिचा हात सुपात फिरत राहिला.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तुमचा कोंबडा रोज माझ्या भिताडावर चढून बोंबलायचा. पोरगं गेल्यावर मला झोप कुठली? उजाडलं तरी आवाज न्हाय. आन् एवढा थोरला कोंबडा, मुंगूस पीस न सांडता नेतंय व्हय भाऊजी?"

"मग कधी बोलला का न्हाय?"

"तुमी बोलाल म्हणून. पयल्या साली लई वाट बघितली. मग त्येचा बी कटाळा आला."

मी माफी मागितली. तिनं एक खडा बाजूला टाकला.

"कोंबडी सोडली त्येचं मला काय न्हाय. तेवढा येळ पोरापशी बसायला घावला. पर माझ्या दारात बसून ते धीराचं बोललात ना, ते बोलायला नगं हुतं." सूप खाली ठेवून म्हणाली, "आन् मला सांगून काय? मला ठावंच हुतं. लेकीला सांगा. ती चार माणसांत तुमचं खोटं बोलती, आन् बिचारीला ठावं बी न्हाय."

त्याला आज आठवडा झाला. वहिनीनं पुन्हा विषय काढला नाही. लेकीकडं बापाची तेवढी एकच गोष्ट आहे सांगण्यासारखी, ती मी काढून घेणार आहे. त्यानंतर तिनं मला घरात थांबवून घ्यावं अशी अपेक्षा नाही.

सकाळी ढोकीची गाडी आहे. तोंडानं सांगायला लागलो तर मध्येच वळण घेईन, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे कागद. ते तिच्या हातात द्यायचे आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही, एवढं ठरवलं आहे.