बाजा घरी नेऊन जुपून पाहिला

आमच्या देऊळघाटच्या महिला भजनी मंडळाचे किस्से मुगाच्या शेंगांसारखे असतात. एक सोलायला बसावं, तर सूपभर होतात! चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहून काढते.

मृदंग वाजवणाऱ्या रखमामावशी लेकाकडे अकोल्याला राहायला गेल्या. मंडळाने पापड विकून पैसे जमवले होते. त्यांतून भजनाच्या साथीला तव्यांचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, घ्यायचं ठरलं. नवा की जुना? नवा घेतला तर तव्यांना, म्हणजे रेकॉर्डींना, पैसे उरत नव्हते.

"मंग नव्याची काय आरती करता?" गिरजाकाकू म्हणाल्या. मंडळाच्या त्या मुख्य!

*

सोनाआत्या सगळ्यांत वडील. तापात त्यांचे कान गेले, तरी रखमामावशींच्या हातांकडे पाहत त्या चिपळ्या वाजवायच्या. ठेका कधी चुकला नाही! आता त्या कुठे पाहणार? शेवटी त्याच बोलल्या, नेहमीसारख्या मोठ्याने:

"बाजाले हात असतेत काय वं?"



*

बुलढाण्याच्या दुकानात नवा बाजा पाहिला. प्लास्टिकचा, सेलवर चालणारा, इतका चकचकीत की माझा चेहरा त्यात दिसला!

"गॅरंटी आहे, ताई," दुकानदार म्हणाला.

"याची, का तुमची?" गिरजाकाकूंनी विचारलं.

बाजा सुरू असताना सोनाआत्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हा तं मुकाच हाय."

*

जुना बाजा एका घड्याळजीकडे होता. लाकडी पेटी, चावीचा, खाली चार पितळी पाय.

गिरजाकाकू म्हणाल्या, "घरी नेऊन जुपून पाह्यल्याबिगर आम्ही बैल घेत नाही."

"बाई, हा बाजा हाय!"

"मंग? चालाचं त्यालेबी हाय नं!"

घड्याळजी हसला. पण जिवाला घोर, म्हणून बाजासोबत आमच्या बैलगाडीत तोही बसला.

*

नवं जनावर दारात आलं की आमच्याकडे त्याच्या पायांवर पाणी घालतात. गिरजाकाकूंनी सवयीने तांब्या आणला आणि बाजाच्या पायांवर ओतला!

"अवं माय! लाकूड फुगन नं!" घड्याळजी ओरडला.

काकूंनी पदराने चारही पाय पुसले. मग कुंकूही लावलं!

*

ओसरीवर तवा लावला. आधी नुसती खरखर, मग मृदंग. इतका मोठा की कोनाड्यातली चिमणी उडाली! सगळ्या जणी त्याच्याबरोबर गाऊ लागल्या. सोनाआत्या खांबाला टेकून बसल्या होत्या, चिपळ्या मांडीवर.

"मंग, ठेवता का परत नेऊ?" घड्याळजीने विचारलं.

सोनाआत्या उठल्या. बाजाजवळ बसून त्यांनी डावा तळवा पेटीवर टेकवला. डोळे मिटले. पेटीची थरथर तळव्याला लागू दिली. मग उजव्या हातातल्या चिपळ्या वाजल्या. एकदा. पुन्हा. नेमक्या ठेक्यावर!

गिरजाकाकू गाता गाता पेटीवर बोटांनी ताल धरू लागल्या; ओळ जराशी लांबली, तसा तालही मागे पडला.

सोनाआत्यांनी डोळे उघडलेच नाहीत. तळवा तसाच पेटीवर.

"गिरजे," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मांगं राह्यली तू!"