तबकडी परत येते

आत्या गेल्याची बातमी मला टेलिफोनवरच कळली, आणि तिच्या बाबतीत ते शोभलंही. जमशेदपूरला मी ज्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते तिथं टेलिफोन फक्त मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आहे. सोमवार होता, संक्रांत होऊन आठवडा झालेला. आठवीच्या वर्गात मी लोलक टांगून उभी होते, तेवढ्यात शिपाई सांगत आला, कलकत्त्याचा ट्रंक कॉल आहे. रिसीव्हर कानाला लावला तर आधी ऑपरेटरचा आवाज आला. "बेबी, तुम्हारा फादर बात करेगा. आराम से बोलो. हम घडी नहीं देखता." मग बाबा लाइनवर आले. "सुशी गेली गं..." एवढंच म्हणाले आणि मग पलीकडे नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. ट्रंक कॉलवर तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे येऊन तसं सांगते. त्या दिवशी कुणी मधे आलं नाही. फारसं काही न बोलता आम्ही दोघं किती तरी वेळ तारेच्या दोन टोकांना उभे होतो, आणि ती बाई लाइन धरून बसली होती. तिचं नाव डोरा. तिच्याबद्दल पुढं सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय आत्याची हकिगत पुरी होत नाही.

सुशीलाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा विषमज्वरानं गेला आणि ती वर्ध्याहून कलकत्त्याला भावाकडे परत आली. आमचं बिऱ्हाड बागबाजारात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं या शहरानं एके काळी जो खंदक खणला, तो इथून सुरू होत असे. आणि ज्यांना अडवायला तो खणला त्यांच्यातलेच आम्ही आजोबांच्या वेळेपासून त्याच्या तोंडाशी भाड्यानं राहतो, याची घरमालक घोषबाबूंना फार गंमत वाटे. नातू झोपेना की ते बाबांकडे हात करून "तो बघ बर्गी आला" म्हणत; बर्गी म्हणजे लुटायला येणारा मराठा स्वार. बाबा कॉलेजात संस्कृत शिकवतात. त्यांना भिऊन आजवर एकही विद्यार्थी गप्प बसलेला नाही, तर घोषबाबूंचा नातू कुठला झोपायला. लढाईच्या दिवसांत टेलिफोन एक्सचेंजला बायका हव्या होत्या. आत्या मॅट्रिक होती, इंग्रजी बरं होतं, आवाज खणखणीत होता. तिनं अर्ज केला तेव्हा बाबांनी आठ दिवस अबोला धरला, आणि नवव्या दिवशी तिला ट्रामपर्यंत पोचवायला स्वतःच निघाले.

आत्याला मतं होती. ती सगळ्यांनाच असतात, पण आमच्या घरात विज्ञान आणि भविष्यकाळ ही दोन खाती पूर्णपणे तिच्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी बाबांचे मित्र चहाला येत आणि यंत्रांनी माणसाचं माणूसपण कसं घालवलं यावर बोलत. आत्या मटार सोलत ऐकत बसे. कुणी जात्यावरच्या ओव्यांबद्दल गहिवरून बोलू लागलं की ती मान वरही न करता म्हणे, "ओव्या ऐकणाऱ्याला गोड. दळणारीला पहाटे चारला उठावं लागतं." तिच्या मते पन्नास वर्षांत कचेऱ्या चार तासांच्या होणार होत्या, भात आपला आपण शिजून शेगडी आपली आपण विझणार होती, मुली पूल बांधणार होत्या, आणि पत्रं लिहिण्याची कुणाला गरजच उरणार नव्हती. हे शेवटचं भाकीत मी जमशेदपूरला गेल्यापासून ती मला दर सोमवारी पत्र लिहून कळवत असे. बाबा म्हणत, "म्हणजे माणसं तारेवरच बोलतील, घरात बोलणार नाहीत." त्यावर आत्या म्हणे, "घरात तरी तू कुठं बोलतोस, दादा? वहिनींना विचार." आई स्वयंपाकघरातून हसे आणि वाद तिथंच मिटे. फक्त अणुबाँबचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली होती, "यावर माझं मत नाही." तिच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

तिचं सगळ्यात लाडकं मत टेलिफोनच्या तबकडीबद्दल होतं. तेव्हा आमच्या भागात तबकडी आलेली नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्सचेंजमध्ये बोर्डावर दिवा लागे, तिथली मुलगी "नंबर प्लीज" म्हणे आणि दोर खोचून जोडून देई. पण दिवे सारे सारखे दिसले तरी सारखे नसत. कुठला दिवा बड्या साहेबाचा आणि कुठला गल्लीतल्या किराणावाल्याचा हे मुलींना पाठ होतं, आणि साहेबाचा आधी घ्यायचा हेही कुणी न सांगता ठाऊक होतं. आत्याला ते खुपे. ती म्हणे, "डायलला साहेब कळत नाही, जात कळत नाही, बाई का पुरुष तेही कळत नाही. आकडा बरोबर असला की झालं. समाजसुद्धा एक दिवस असाच होईल बघ." हे ती इतक्या खात्रीनं सांगे की तो दिवस पुढच्याच महिन्यात येणार आहे असं मला वाटायचं.

पण तिच्या या मताला बाबांकडे एक बिनतोड उत्तर होतं. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी बाबा जिन्यात कोसळले. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी घोषबाबूंचा टेलिफोन उचलला. तो जिन्याच्या वळणावर तिवईवर असे, म्हणजे सगळ्या भाडेकरूंना वापरता यावा. मी तेव्हा बारा वर्षांची. डॉक्टरांचा नंबर ठाऊक नव्हता, आणि घाबरून बंगाली, इंग्रजी सगळं विसरले नि मराठीतच रडत सुटले. आत्या त्या दिवशी कामावर नव्हती, घरीही नव्हती. बोर्डावर होती डोरा, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी अँग्लो-इंडियन मुलगी. तिला मराठी येत नव्हतं, पण सुशीलाची भाषा कानावरून ओळखू आली आणि 'बाबा' हा शब्द कळला. तिनं डॉक्टरांच्या घरी लावून पाहिलं, ते नव्हते. अर्ध्या तासापूर्वी श्यामबाजारातल्या कुणाशी तरी त्यांना जोडून दिल्याचं तिला आठवलं, ते तिथं पत्ते खेळत बसले होते, तिथून तिनं त्यांना उठवलं. बाबा वाचले. पुढं आत्या तबकडीची थोरवी सांगू लागली की बाबा शांतपणे म्हणत, "डायल असती तर मी आज नसतो." आत्याच्या हातातले मटार जोरात सोलले जात.

काही वर्षांनी आमच्या भागातली एक्सचेंज खरोखरच ऑटोमॅटिक झाली. त्याआधी काही महिने घरोघर जाऊन लोकांना तबकडी फिरवायला शिकवण्यासाठी वरिष्ठांनी बायका मागितल्या. बहुतेकींनी नाक मुरडलं, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? आत्यानं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. त्यानंतर ऑपरेटर जास्त झाल्या, थोड्या ट्रंक बोर्डावर गेल्या, बाकीच्या घरी बसल्या. आत्या घरी बसली. तिनं आम्हाला सांगितलं, "मी नव्या यंत्राची बाजू घेतली, आता जुन्या बोर्डावर कुठल्या तोंडानं बसू?" बाबा चारचौघांत थट्टा करत, मतासाठी नोकरी घालवणारी अख्ख्या कलकत्त्यात हीच एक. आम्ही सगळे हसत होतो, मीसुद्धा.

ते वर्ष तिला सोपं गेलं नाही. स्वतःच्या कमाईवर ताठ उभी राहिलेली बाई भावाच्या घरात पुन्हा 'परत आलेली बहीण' झाली. आईनं तिला तसं कधी भासवलं नाही, पण आत्या जेवताना पोळी मोजकी घेऊ लागली, हे मला आठवतं. मग एक दिवस ती एक्सचेंजमधून आतून पोकळ झालेला एक निकामी टेलिफोन मागून घेऊन आली आणि दुपारी आपल्या खोलीत वर्ग सुरू केला. गल्लीतल्या बायका येत, तिला 'टेलिफोन-दीदी' म्हणत. चूक सगळ्यांची एकच होई. भोकात बोट घालून तबकडी खुंटीपर्यंत नेणं जमे, पण परत येताना बोट बाहेर काढणं जमत नसे, बोटानंच तिला मागं ढकलत आणत. तसं केलं की आकडा चुकतो. "बोट काढून घ्यायचं. ती येते आपली आपण," आत्या दिवसातून पन्नास वेळा सांगे. सगळ्यात ढ विद्यार्थिनी आमची आई. ती म्हणे, "धरलेली वस्तू अशी मधेच सोडायची म्हणजे काय, वन्सं? चुलीवरून उतरवताना दुधाचं पातेलं सोडते का मी?" आत्यानं आईचा नाद सोडला नाही. गल्ली सगळी शिकली तरी वहिनींची शिकवणी चालूच होती, वर्षाच्या अखेरीस चहाच्या एका कंपनीच्या कचेरीत छोट्या स्विचबोर्डावर नोकरी लागल्यावरसुद्धा, रविवारी.

मागच्या शरदात रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला तेव्हा मी सुटीत घरी होते. संध्याकाळी सारी गल्ली गच्च्यांवर. एक ठिपका सरकताना दिसला, घोषबाबूंच्या बायकोनं शंख फुंकला, नंतर कळलं ते दमदमला उतरणारं विमान होतं. आत्याला त्याचं काही नव्हतं. "वर गेला, छान झालं," ती म्हणाली. "आता खाली परत कसा आणायचा ते बघा म्हणावं." मी तिला शेवटचं धडधाकट पाहिलं ते तेव्हा, गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून वर बघत असलेली.

पुढचं मी घरी पोचल्यावर मला आईनं सांगितलं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी आत्याच्या छातीत कळ आली. बाबा कॉलेजात, घोषबाबूंकडची मंडळी लग्नाला गेलेली. घरात या दोघीच. आई जिन्याच्या वळणावर गेली. डॉक्टरांचा नंबर आत्यानं फार पूर्वी भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. दोन आकडे बरोबर लागले. तिसऱ्याला आईचं बोट भोकातच राहिलं. आत्याची खोली जिन्याला लागूनच, पलंगावरून तिला तबकडीचा आवाज ऐकू येत होता. तिथूनच ती म्हणाली, "वहिनी, बोट काढा. खाली ठेवा, पुन्हा पहिल्यापासून... येऊ द्या तिला." आईनं पुन्हा पहिल्यापासून सहा आकडे फिरवले, सहाही वेळा बोट काढून घेतलं. डॉक्टर घरीच होते, लगेच आले. त्यांच्या औषधानं कळ थांबली आणि आत्याला आणखी दोन दिवस मिळाले. मला कळवायचं बाबांच्या मनात होतं, तिनं बजावलं, "तिच्या मुलींच्या परीक्षा आहेत. मी सोमवारी लिहीनच तिला." रविवारी ती बरी होती, नव्या खजूरगुळाचा तीळगूळ मागून खाल्ला, आणि बाबांना म्हणाली, "बघ दादा, डायल असूनही डॉक्टर आला." बाबा म्हणाले, "आला. पण लावला कुणी? माणसानंच ना?" आत्या हसली. "तेच तर शिकवत होते मी इतकी वर्षं." सोमवारी पहाटे ती झोपेतच गेली.

तेराव्याला डोरा आली. हातात रजनीगंधाच्या काड्या, केस पिकू लागलेले. बाबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसली आणि थोड्या वेळानं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत सांगू लागली. एक्सचेंज ऑटोमॅटिक झाली तेव्हा ट्रंक बोर्डावर शेवटची एकच जागा उरली होती. नोकरीत आत्या तिच्याहून वरची, म्हणजे जागा आत्याचीच. डोराचे दोन्ही भाऊ विलायतेला निघून गेलेले, घरी अंथरुणाला खिळलेली आई. "सुशीला जाके साहब को बोला, हम नया मशीन का आदमी है, पुराना बोर्ड पर नहीं बैठेगा. हम को मालूम था झूठ बोलता है. हम पूछा, क्यों किया? बोला..." इथं तिनं बाबांकडे पाहिलं. "बोला, मेरा भाई जिंदा है ना." बाबा उठले, आत गेले, आणि स्वतःच्या हातानं चहा करून तिच्यासमोर आणून ठेवला. बाबांनी चहा केलेला मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. चारचौघांतली ती थट्टा त्यांनाही आठवली असणार, मला तर त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपल्या मतांचा एवढा डंका पिटणारी माझी आत्या, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिनं मताच्या पदराखाली झाकून केली. तरी एक सांगते, ते मतही खोटं नव्हतं. तबकडीपुढं सगळे सारखे, हे ती शेवटपर्यंत मानत होती आणि माझ्या वर्गात मीही तेच शिकवणार आहे.

जमशेदपूरला परत निघायच्या दिवशी दुपारी मी आत्याच्या खोलीत जाऊन बसले. पलंग काढलेला होता. फळीवर तो निकामी टेलिफोन होता, पुसून लख्ख ठेवलेला. मी तो मांडीवर घेतला आणि शून्याच्या भोकात बोट घालून तबकडी पार खुंटीपर्यंत नेली. आणि मग बोट काढवेना. काढलं असतं तर ती फिरून जागेवर गेली असती आणि मला उठून गाडीला निघावं लागलं असतं... तशीच धरून बसले. स्वयंपाकघरात आई माझ्यासाठी दशम्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

"बोट काढ गं," ती आतूनच म्हणाली. "ती येते आपली आपण."

मी बोट काढलं.