मोकळी पायरी

भाऊंना माणसांचा राग नव्हता, पण फोटोत माणूस आलेला त्यांना खपत नसे. आता खामगावात ज्याचा स्टुडिओ आहे, लग्न-मुंजींवर ज्याचं घर चालतं, त्यानं असं म्हणावं म्हणजे कमालच. पण भाऊंचा जीव स्टुडिओत नव्हताच. सवड मिळाली की तिवई आणि कॅमेऱ्याची पेटी घेऊन ते एसटीनं निघत. कधी लोणार, कधी सिंदखेडराजा, कधी नुसताच बोथ्याचा घाट. त्यांनी टिपलेली देवळं कापसाच्या पेढ्यांवर फ्रेम होऊन लागत.

"माणूस आला का देऊळ मांगं पडते, बाई," ते मला सांगत. मी शेजारी राहायची आणि कन्याशाळेत शिकवायची, म्हणून मी 'बाई'.

घरी आल्यावर खिडकीशी बसून ते निगेटिव्हवरून विजेच्या तारा, खांब, वाळत घातलेली धोतरं नाहीशी करत. बारीक पात्यानं खरवडायचं आणि टोकदार पेन्सिलीनं तिथं दगड भरायचा, नाहीतर आभाळ. एकदा तर घाटातला मैलाचा दगडच उडवला. मी म्हटलं, "भाऊ, आता बुलढाणा किती लांब ते कळायचं कसं?" म्हणाले, "एवढ्या चांगल्या घाटात घाई कोणाले हाये?"

प्रत्येक प्रवासात वहिनी बरोबर असत आणि त्यांचं काम ठरलेलं होतं. गावात कॅमेरा उघडला की पोरं, बकऱ्या, रिकामटेकडे म्हातारे, सगळे समोर येत. वहिनी पायरीवर उभ्या राहून हात उगारत, "पोट्टेहो, मांगं सरका," आणि तेवढ्यात भाऊ खटका दाबत. त्या बाजूला झाल्या की पोरं पुन्हा घुसायची, म्हणून त्यांना तिथंच थांबावं लागे. जत्रा पुसता येत नाही, एक बाई पुसता येते, असा भाऊंचा हिशेब. मग घरी वहिनींच्या जागी दगड.

वहिनींना त्याचं काही वाटत नसे. "यायले बायको सैपाकाले लागते, फोटूत नाही लागत," म्हणून त्या हसत. एकदा स्टुडिओत बसा ना, असं मी कितीदा म्हटलं. "मी कुठं पळून चालली का?" एवढंच उत्तर. भाऊही "काढू, काढू" म्हणत राहिले. लग्न खेड्यात झालेलं, तेव्हा कॅमेरा कुठला?

वहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा, असं वहिनींच्या नणंदेनं म्हटलं आणि भाऊ डबे उघडून बसले. मीही बसले. एकेक निगेटिव्ह ते खिडकीच्या उजेडात धरत आणि खाली ठेवत. कुठेही वहिनी नव्हत्या. "पाहा बाई, कसा सफाईनं भरला म्या दगड," ते म्हणाले. मला रडू आवरेना.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. लोणारच्या देवळाच्या निगेटिव्हवर, पायरीवर, त्या वहिनींना परत काढू लागले. दुपारभर मान वर केली नाही. फोटो छापून आणला तेव्हा पायरीवर लुगडं नेसलेली एक बाई होती. भाऊंनी तो बराच वेळ पाहिला. "हे कोणाचीबी बायको होईल," म्हणाले आणि फाडून टाकला.

तेरवीच्या दिवशी पाटावर हार घातलेला फोटो होता. त्यात देऊळ होतं, खाली मोकळी पायरी. भटजी थांबले, पाहुणे कुजबुजू लागले. शेवटी नणंदच म्हणाली, "दादा, देवाचा फोटू काऊन ठेवला?"

"देवाचा नाही," भाऊ म्हणाले. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि काचेवर, त्या पायरीच्या जरा वर, नेमक्या कपाळाच्या उंचीवर टेकवलं.