‘या नंबरवर फोन करू नये’

दुपारपासून माझा फोन शांत नाही, आणि मीही नाही.

लग्नाआधी बाबांनी माझी माहिती समाजाच्या वधू-वर पुस्तिकेत दिली होती. लग्नाला वर्ष झालं. तरी त्या पानाचा फोटो कुणीतरी फिरवून राहिलंय आणि अनोळखी लोक फोन करतात. रिंग वाजली की नवरा माझ्याकडे बघतो.

म्हणून आज सकाळी अर्जुनी मोरगावला, पुस्तिका काढणाऱ्या गुरुजींकडे तक्रार घेऊन गेले. भला माणूस. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्ताच बंदोबस्त करतो, बाई."

परतीच्या एसटीत बसले आणि फोनवर फोन सुरू झाले. गुरुजींनी तेच पान अकरा ग्रुपवर टाकलं होतं. माझा फोटो, गाव आणि नंबराभोवती लाल पेनानं गोल. खाली लिहिलं होतं, "मुलीचे लग्न झाले आहे. या नंबरवर कोणीही फोन करू नये."

एका आजीनं तर तेवढंच विचारायला फोन केला, "काऊन नाही करावं वो फोन? का झालं?"

मी गुरुजींवर फोनवरच ओरडले, "आधी काढा ते!"

ते शांतपणे म्हणाले, "काढलं तं लोकायले समजन कसं? आणखी दोन ग्रुप राहिले, टाकूनच राहिलो."

आता याची तक्रार कुठे करू? माहीत असेल तर खाली लिहा. फक्त ही पोस्ट पुढे पाठवू नका. माझ्या भल्यासाठी तर मुळीच नाही.